रुमालाखालची बोली

त्या वर्षी कॉलेजात आम्हाला खुलं धोरण शिकवत होते. ब्याण्णव-त्र्याण्णवचा ऊसहंगाम चालू होता, मी बारामतीला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि आमचे अर्थशास्त्राचे सर फळ्यावर भला मोठा बाण काढून सांगायचे की सरकार आता हळूहळू सगळ्या धंद्यांतून अंग काढून घेणार. मी ते मुकाट्यानं उतरवून घ्यायचे, संध्याकाळच्या एसटीनं सणसरला घरी यायचे आणि बघावं तर सरकार आमच्याच ओट्यावर येऊन बसलेलं असायचं.

म्हणजे असं, की ऊस आमचा, पण तो कुठल्या कारखान्याला घालायचा हे सरकारनं ठरवून दिलेलं. त्याला झोनबंदी म्हणायचे. ऊस कधी तोडायचा ते कारखान्याचा चिटबॉय सांगणार, कॅनॉलचं पाणी कधी मिळणार ते पाटकरी सांगणार, आणि उसाला भाव काय मिळणार हे तर देवालाही शेवटपर्यंत कळायचं नाही. पण आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचं कधी काही वाटलंच नाही. सावळाराम तात्या म्हणजे सरकारचा भक्त माणूस. रेडिओवर मंत्र्याचं भाषण लागलं की ते आवाज वाढवायचे आणि आम्हाला गप्प करायचे.

त्याला कारणही होतं. आम्ही धनगर. माझे आजोबा दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि तात्यांचं सगळं लहानपण त्या कळपामागं चालण्यात गेलं. पुढं कॅनॉलचं पाणी शिवारात आलं. तात्यांनी कळप विकला, ऊस लावला, पत्र्याचं घर बांधलं आणि आईशी लग्न करताना तिला भर मांडवात शब्द दिला की तुला आयुष्यात मेंढरामागं चालावं लागणार नाही. आईला तो शब्द नकोच होता. तिला मेंढरं आवडायची. पण तिला विचारतंय कोण!

तात्यांचं मन फिरलं ते काहिलीपायी. काहील म्हणजे गुळाची कढई. चारदोन शेतकऱ्यांना गोळा करून तात्यांनी ओढ्याकाठी गुऱ्हाळ घातलं होतं. चुलवाण बांधलं, चरक आणला, कोल्हापूरकडचा गुळव्या ठरवला, आणि काहील तर अशी आणली की तिच्यात आमची म्हैस पाय दुमडून बसली असती. नारळ फोडायच्या आदल्या दिवशी वरून हुकूम आला. यंदा ऊस कमी आहे, कारखान्यांनाच पुरेना, तेव्हा हंगाम संपेपर्यंत गुऱ्हाळं बंद.

तिसऱ्या दिवशी तात्यांनी रेडिओ कोनाड्यातून काढला आणि आईला म्हणाले, "ह्यो दुसऱ्या खोलीत ठिव. मला त्येचं त्वांड बघायचं न्हाय."

रेडिओला तोंड नसतं हे आईनं त्यांना सांगितलं नाही.

मग सुरू झाला तात्यांचा शोध. त्यांच्याकडे थोडे पैसे होते. कॅनॉलच्या नव्या चारीसाठी आमच्या रानाचा एक पट्टा सरकारनं घेतला होता, त्याचा मोबदला नुकताच हातात पडला होता. आधीचे तात्या असते तर त्यांनी त्याच दिवशी तो पोस्टात नेऊन घातला असता. आता मात्र त्यांना असा धंदा हवा होता, ज्यात सरकारचा हात पोचणार नाही. जेवणं झाली की ते एकेक गोष्ट घ्यायचे आणि डाळीतला खडा शोधावा तसं तिच्यात सरकार कुठं लपलंय ते शोधायचे. ते त्यांना सापडायचंच.

"सोनं घ्या की," मी म्हटलं.

"सोन्यालाबी कायदा झालता, पोरी. तुझी आज्जी पाटल्या बाजरीच्या कणगीत घालून वर्षभर तिच्यावर बसून हुती."

"तो कायदा गेला आता."

"गेला तसा येतूय की परत. त्येला काय एसटी लागती?"

जमीन नको, कारण पट्टा नुकताच गेला होता आणि जखम ताजी होती. दुधाचा दर डेअरीच्या फळ्यावर लिहिलेला असायचा आणि तो तात्यांना विचारून कुणी लिहीत नव्हतं. बँका सरकारच्या. मी मोठ्या हौसेनं युनिट ट्रस्टची माहिती आणली, सरांना विचारून टिपणं काढली, तर तात्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ह्येचा मालक कोण?" मी अडखळले आणि त्यांनी नुसती मान हलवली. शेअरबाजाराचं नाव काढलं तेव्हा तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की माझी फी उद्यापासून बंद होते की काय असं मला वाटलं.

"मग उशाला घेऊन झोपा पैसे!" मी वैतागून म्हणाले.

"नोटबी सरकारचीच हाय," तात्या म्हणाले. आणि ते अगदी मनापासून दुःखी झाले होते. मला हसू आलं, पण माणसाचा देव गेला की त्याला कसं वाटतं ते त्या दिवसांत मी जवळून पाहिलं.

याच सुमाराला गेणूमामा आला. गेणूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. दोन्ही घरांत मिळून मेंढरं राहिली होती ती त्याच्याकडेच. त्याचा कळप आमच्या शेजारी दादासो काकांच्या रानात बसला होता. बसला म्हणजे, ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची. भोवती वाघूर लावायची, म्हणजे सुताची उंच जाळी. सकाळपर्यंत लेंड्या-मुतानं रान खतवून निघतं, आणि शेतकरी त्याबद्दल मेंढक्याला धान्य देतो. ही आमच्याकडची जुनी रीत. मधे खताची पोती स्वस्त होती तेव्हा लोक ती विसरत चालले होते, पण त्या वर्षी पोत्याचे भाव असे काही भडकले की बागायतदार स्वतः चालत जाऊन मेंढक्यांना चहा पाजू लागले.

मामा चुलीपुढं बसला, चहा संपवला, आणि आईकडे न बघता म्हणाला, "आक्का, मेंढरं इकतुय."

आईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

"पोरगं लोणी देवकरला कारखान्यात लागलं. त्येला पगार हाय, रविवारची सुट्टी हाय. त्यो कशाला येतूय मेंढरामागं? कुरणाला वनखात्यानं कुंपान घातलंय, आत गेलं की दंड. अन् माझं गुडघं काय ऱ्हायलं न्हाईत. इंदापुरात जागा बघितलीया, दोन खोल्या काढतो. लॉरीवाला येपारी बाजारादिशी बारामतीला येणार हाय."

लॉरीवाला व्यापारी मेंढरं कुठं नेतो हे सांगायची गरज नव्हती. आईच्या वडिलांनी वाढवलेल्या मेंढ्यांच्या लेकी-नाती होत्या त्या. आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपू दिली. एवढ्या वर्षांत मी तिची करपलेली भाकरी पहिल्यांदा खाल्ली.

आता कुणी म्हणेल, आईनं सरळ सांगायचं, गेण्या, मी घेते. इथंच तर खरी अडचण होती. आमच्यात भाऊ बहिणीकडून मेंढीचे पैसे घेत नाही. आईनं तोंड उघडलं असतं तर मामानं सगळा कळप आमच्या दारात आणून उभा केला असता आणि मोकळ्या हातानं घरी गेला असता. इंदापूरच्या दोन खोल्या तिथंच राहिल्या असत्या. तात्यांनी विचारलं असतं तर आणखी अवघड. बहिणीच्या नवऱ्याकडून, दाजीकडून, पैसे घ्यायचे? त्यापेक्षा मामानं आपला हात तोडून दिला असता. म्हणून आई गप्प बसली. तात्याही गप्प बसले होते, पण त्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटी धरायला निघाले तर तात्या दादासो काकांच्या बांधावर दिसले. एका मेंढीचा ओठ वर करून तिचे दात बघत होते. दादासो काका मामाच्या पोत्यात बाजरी मापून ओतत होते. ना पावती, ना शिक्का, ना कुणाची सही.

"काय करताय तात्या?" मी विचारलं.

"कुठं काय? खत बघतुय," ते म्हणाले आणि मेंढीचा ओठ सोडून दिला.

आईनं चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी मला म्हशीच्या गोठ्यात नेलं. तिथं तिनं धान्याच्या पत्र्याच्या डब्यातून फडक्यात बांधलेली इंदिरा विकास पत्रं काढली. दुधाच्या पैशातून तिनं ती पाच-सहा वर्षांपूर्वी पोस्टातून घेतली होती. त्या पत्रांवर कुणाचं नाव नसायचं, म्हणून तिला ती आवडायची. मुदत नुकतीच भरली होती.

"आई, तूपण सरकारकडंच ठेवलेस की!"

"ठेवलं हुतं. आता काढायचं," ती म्हणाली. "बाजारात आपण जायचं. दलालाकरवी घ्यायची मेंढरं. गेण्याला कळता कामा नये कुणी घेतली. त्येला पुरा भाव मिळाला पायजे. अन् तुझ्या तात्यास्नी तर मुळीच बोलायचं न्हाय. मांडवातला शबूद हाय त्यांचा."

"आणि मेंढरं घरी आली की? ती काय लपवून ठेवणार आहेस?"

"आली की मग काय करत्यात? बाहीर काढत्यात? बघू की."

मला आईचा हा रंग नवीन होता आणि फार आवडला. मी तिच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली आणि पत्रं मोडायला तिच्याबरोबर गेले.

बाजाराच्या दिवशी सकाळी तात्या धुवट धोतर नेसून, पटका बांधून तयार. "बारामतीला जाऊन येतो," ते भिंतीला म्हणाले. "पैसं पोस्टातच घालतो परत. आपलं सरकारच बरं."

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर आई म्हणाली, "आलंच पुन्हा मूळपदावर." आणि आम्ही मागच्या एसटीनं निघालो. शेजारणीला सांगितलं, डोळे दाखवायला चाललोय.

बाजार समितीच्या आवारात सगळं नव्या नियमानं चाललं होतं. ओट्यावर कारकून बसलेला, हातात कर्णा, जनावर पुढं आणायचं आणि सगळ्यांदेखत बोली बोलायची. फाटकावर पाटी होती, रुमालाखाली सौदा करण्यास सक्त मनाई आहे. आणि पाटीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, बाभळींच्या सावलीत, रुमालाखाली सौदे जोरात चालले होते. जुने लोक आत जायलाच तयार नव्हते. आपल्या जनावराची किंमत कर्ण्यावरून गावाला ऐकवायची म्हणजे त्यांना उघडं पडल्यासारखं वाटायचं.

मामाचा कळप तिथंच होता. आईनं त्याला लांबून पाहिलं, पदर पुढं ओढला आणि आम्ही दूरच्या बाभळीखाली बसलो. मी जाऊन दलालाला घेऊन आले. कुंडलिक नाव त्याचं. म्हातारा, काटक, खांद्यावर लाल रुमाल.

"गेणूचा कळप पायजे," आई म्हणाली. "सगळा. पर नाव सांगायचं न्हाय."

कुंडलिक हसला. "आज काय झालंय सगळ्यास्नी? पलीकडं येकजण हाय, त्योबी तेच म्हनतूय. नाव सांगू नगा, नाव सांगू नगा."

"त्यो लॉरीवाला आसंल."

"लॉरीवाला येगळा. त्यो उघड बोलतूय. ह्यो लॉरीच्या मागं हुभा हाय."

आईनं तिकडं लक्ष दिलं नाही. कुंडलिकानं सवयीनं रुमाल पुढं केला आणि मग संकोचून मागं घेतला. रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची, कोणतं बोट किती दाबलं त्यावर भाव, बाहेरच्याला काही दिसत नाही. पण बाईमाणसाची बोटं त्यानं आजवर दाबली नव्हती.

"पोरीच्या हातानं करू का?" तो म्हणाला.

"तिला शेअरबाजार येतूय, ह्यो न्हाय येत," आई म्हणाली. "मी तुझ्या धाकट्या भनीसारखी हाय. धर हात."

कुंडलिकानं इकडं तिकडं बघितलं आणि हात धरला. रुमाल थोडा हलला. तो गेला, लॉरीच्या मागं नाहीसा झाला, परत आला. रुमाल हलला. पुन्हा गेला. लॉरीवाल्या व्यापाऱ्यानं दुसऱ्याच फेरीत हात झटकले आणि चाकाला टेकून विडी ओढत बसला. पण लॉरीमागचा माणूस काही हटेना. कुंडलिक येरझाऱ्या घालत होता, धापा टाकत होता, आणि दर फेरीला त्याचा चेहरा जास्त उजळत होता, कारण दलाली भावावर असते.

"कोण हाय त्यो मेला?" आई म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"नाव सांगायचं न्हाय आसं ठरलंय, बाई. तुमचंबी न्हाय, त्येचंबी न्हाय."

रुमाल पुन्हा हलला. मला बोटांची भाषा येत नव्हती, पण आईच्या दंडाची शीर दिसत होती. मी तिच्या कानाशी लागले. "आई, आपल्याजवळ किती आहेत ते लक्षात आहे ना?"

"गप बस."

"आई, एवढे नाहीत आपल्याकडे!"

"माझ्या बाची मेंढरं हायती ती!" आई म्हणाली आणि रुमाल असा हलला की कुंडलिक कळवळला. तो हात चोळत गेला. या वेळी बराच वेळ आला नाही. आला तो रुमाल खांद्यावर टाकूनच.

"हटला त्यो," तो म्हणाला. "कळप तुमचा. काढा पैसं."

आईनं कमरेची पिशवी सोडली. पैसे कमी होते, थोडेथोडके नाही, चांगलेच कमी होते. कुंडलिकाचा चेहरा उतरला. तिकडं लॉरीवाल्यानं विडी विझवली आणि उठून उभा राहिला.

"पैसं न्हायत व्हय?" तो लांबूनच म्हणाला. "मग माझी लॉरी हाय की."

त्याच्या पोरांनी लॉरीचं मागचं फळकूट खाली पाडलं. आई उठून उभी राहिली, पुन्हा बसली. मला कॉलेजात शिकलेलं सगळं एकदम निरुपयोगी वाटलं आणि मी रडायच्या बेताला आले.

तेवढ्यात लॉरीमागून एक माणूस तावातावानं आमच्याकडे येताना दिसला. पटका सुटून गळ्यात आलेला, धोतराचा सोगा हातात. तो लांबूनच ओरडत होता. "कोण हाय त्यो कसाई? मला बघू तर द्या! म्हेवण्याची मेंढरं सोडवाय आलो अन् भाव आभाळाला नेऊन भिडीवला! माणूस हाय का राक्..." ते तात्या होते.

ते आमच्यापुढं येऊन थांबले. आई त्यांच्याकडं बघत राहिली. ते आईकडं बघत राहिले. कुंडलिक दोघांकडं आळीपाळीनं बघत होता.

"तुमी पोस्टात गेलता न्हवं?" आईनं विचारलं.

"तू डोळं दाखवाय गेलतीस न्हवं?"

"तुमाला कुणी सांगितलं?"

"शेजारीण भेटली मघाशी, बाजाराला आलीया. म्हनली गोजरबाईचं डोळं बिघाडल्यात."

"बिघाडलेच हुते," आई म्हणाली. "आता दिसाय लागलं."

मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. मी बाभळीला धरून हसत होते, कुंडलिक रुमालात तोंड घालून हसत होता, आणि तात्या मोठ्या गंभीरपणानं पटका पुन्हा बांधत होते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

"मांडवातला शबूद?" आईनं विचारलं.

"तुला चालाय लावनार न्हाय म्हनलो हुतो. मी चालनार न्हाय आसं कुठं म्हनलो?" तात्या म्हणाले, आणि मग एकदम खरं बोलले. "गोजर, मी दादासोच्या रानात बघितलं. मेंढरं बसवायची, बाजरी मापून घ्यायची, खल्लास. कुणाचा हुकूम न्हाय. कोकणात जायला नगो, कुरणात जायला नगो. हितं उसाची वाढी हायती चाराय, अन् मोकळी रानं हायती बसवाय. ह्येच्यात मला सरकार सापडंना. लई हुडकलं, पर सापडंना."

एवढ्यात गलका ऐकून गेणूमामा लंगडत आला, बहीण आणि दाजी दोघांना गिऱ्हाइकांच्या जागी बघून मटकन खाली बसला आणि त्यानं ठरलेलं पालुपद सुरू केलं. "आक्का, तुझ्याकडनं पैसं? न्हाय जमायचं. दाजी, पायताण मारा, पर पैसं दिऊ नगा. न्या मेंढरं तशीच."

आई म्हणाली, घेतलेच पाहिजेत. मामा म्हणाला, मेलो तरी घेणार नाही. लॉरीवाला म्हणाला, मी घेतो मेंढरं, तुम्ही निवांत भांडा. शेवटी कुंडलिक खेकसला. त्याची दलाली बुडायला लागली होती, त्यामुळे त्याला एकदम सुचलं.

"रुमालाखाली आक्काबी नस्ती अन् दाजीबी नसतूय," तो म्हणाला. "तितं निस्ती बोटं अस्त्यात. घाला हात दोघं."

त्यानं लाल रुमाल पसरला. एका बाजूनं मामाचा हात गेला, दुसऱ्या बाजूनं आईचा. मामा भाव उतरवत असणार आणि आई चढवत असणार, कारण दोघंही एकमेकांवर डोळे वटारत होती. उलटा सौदा मी पहिल्यांदाच पाहिला. बऱ्याच वेळानं मामाचे डोळे भरून आले आणि आईनं हात बाहेर काढला. किती ठरलं ते मला आजतागायत माहीत नाही. तात्यांना कळलं, कारण निम्मे त्यांनी दिले आणि निम्मे आईनं. मामाच्या दोन खोल्या पावसाळ्याआधी उभ्या राहिल्या, आणि वर एक कौलारू पडवीही निघाली, एवढं मी सांगू शकते. कुंडलिकाला दोन्हीकडची दलाली मिळाली.

"आत कर्ण्यावर बोली बोलला असतात तर एकमेकांना पहिल्याच फेरीत दिसला असतात," निघताना मी पाटीकडं बोट करून म्हटलं.

तात्यांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. "येखादी गोष्ट बरी करतंय सरकार," ते नाइलाजानं म्हणाले. "पर ती नेमकी मी ऐकत न्हाय त्याच दिवशी."

मला एसटीनं जा म्हणत होते, मी गेले नाही. आम्ही तिघं मेंढरांमागं सणसरच्या वाटेला लागलो. मामा बारामतीच्या वेशीपर्यंत आला, तिथं त्यानं एका म्हाताऱ्या मेंढीच्या मानेवर हात ठेवला आणि मागं न बघता वळला. कळप लगेच थांबला. मेंढरं त्याच्या पाठीकडं बघत उभी राहिली. हाकलली तरी हलेनात. तात्यांनी काठी खाली टाकली, दोन बोटं ओठांना लावली आणि घशातून एक विचित्र, लांब आवाज काढला. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मेंढरांनी कान टवकारले. पुन्हा आवाज झाला आणि पुढची मेंढी चालायला लागली, तिच्यामागं दुसरी, मग सगळा कळप. तात्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच अडवून ठेवलेलं काहीतरी मोकळं सुटलं होतं आणि त्यांना ते लपवताही येत नव्हतं.

वाटेत उसाच्या ट्रॉल्या भेटल्या. तोडणीवाल्या बाया वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे घेऊन चालल्या होत्या, त्यांनी दोन भारे आमच्या मेंढरांपुढं टाकले आणि कोकरू कडेवर घेऊन बघितलं. दादासो काका मोटारसायकलवरून उतरले, बघत राहिले, आणि पहिलं वाक्य बोलले ते हेच, की तात्या, वरच्या रानात परवापासून बसवा. त्यानंतर चिटबॉय सायकलवरून आला. आमच्या उसाची तोड त्यानं तीन वेळा पुढं ढकलली होती. त्यानं पाय टेकवला, कळपावरून नजर फिरवली आणि टोपी काढून विचारलं, "तात्या, माझं अर्धा एकर हाय वढ्याकडंला. जमंल का?"

तात्यांना त्या क्षणी जे सुख झालं त्याची मी साक्षीदार आहे. ते त्याला काहीही टाकून बोलले नाहीत. उलट चहाला बोलावलं.

उन्हं कलली तेव्हा आम्ही आमच्या रानाशी पोचलो. एक तुकडा मोकळा होता, चारीच्या बाजूचा. आईनं खांद्यावरची, मामानं दिलेली वाघूर खाली ठेवली. तात्या मात्र बांधावर उभेच. एकदा चारीकडं बघत, एकदा रस्त्याकडं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"चारी सरकारची हाय," तात्या पुटपुटले. "म्हनलं, कडंला बसवायची तर पाटकऱ्याला इचारून यावं का? येळंला येखादा अर्ज..."

इतक्या वर्षांची सवय, ती काय एका बाजारात जाते? मला त्यांची दयाही आली आणि हसूही आलं. आईनं कमरेवर हात ठेवले.

"रान आपलं हाय. अन् इचारायचंच आसंल तर मला इचारा. निम्मी माझी हायती."

तात्यांनी पटका नीट केला, दोन पावलं पुढं आले, हात जोडले आणि सरकारी कचेरीत बोलायचे त्याच बारीक आवाजात म्हणाले, "बाईसायेब, आमची मेंढरं आजच्या दिवस हितं बसवू का?"

आईनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"सायेब जेवाय गेल्यात," ती म्हणाली. "उद्या या."

आणि पदर खोचून तिनं स्वतःच पहिली मेख ठोकायला घेतली.